किती आणे दुखते? : कर्करोगाची वेदना, फोन आणि पालघर जिल्हा

१. विषय आणि त्याची मर्यादा

मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यात कर्करुग्णांनाही जागा दिलेली आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत गेली आणि हा डबा पालघर, बोईसर, वाणगावलाही आला. बोईसरचा रुग्ण पहाटे निघतो, शंभरएक किलोमीटर बसून किंवा ताटकळत दादरला उतरतो आणि परळच्या टाटा रुग्णालयात पोचतो. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. १९६९ साली तारापूरला वीज निर्माण करू लागलेले केंद्रही त्याच विभागाच्या छत्राखाली येते. तारापूरची वीज तारेवरून जाते, तारापूरच्या रुग्णाला मात्र अंगाने जावे लागते. या लेखाचा प्रश्न या विरोधातूनच निघतो. कर्करोगाच्या वेदनेवरच्या उपचारातले काय काय तारेवरून जाऊ शकते, आणि काय अजिबात जाऊ शकत नाही?

येथे विचार करायचा तो 'वेदनेला तोंड देण्याच्या कौशल्यांचे' प्रशिक्षण फोनवरून देण्याचा. कर्करोग का झाला, हा वेगळा विषय आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाचा वाद अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेला. तो वाद महत्त्वाचा आहेच, पण कारणाचा निवाडा होईपर्यंत दुखणे थांबून राहत नाही. म्हणून कारणाची चर्चा बाजूला ठेवून इथे फक्त वेदनेपुरते बोलू.

२. वेदना म्हणजे काय

गाठ जेवढी मोठी तेवढे दुखणे जास्त, असा सर्वसाधारण समज असतो. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार सिद्धांता'ने हा सरळ हिशेब मोडला. शरीराकडून येणारा संदेश मज्जारज्जूत एका दारातून जातो. ते दार किती उघडायचे यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही ताबा असतो. भीती, जागरण, एकटेपणा यांनी दार जास्त उघडते. विसावा, लक्ष दुसरीकडे जाणे, 'मला काही करता येते' हा विश्वास यांनी ते आवळले जाते. सिद्धांताचे तपशील पुढे बरेच बदलले, पण मेंदू वेदनेचा नुसता श्रोता नसतो, हा त्याचा गाभा टिकला.

त्याच दशकात लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी 'संपूर्ण वेदना' ही कल्पना मांडली. तिचे चार पदर: शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. बोईसरच्या कंत्राटी कामगाराच्या तोंडून हे चारही पदर एका वाक्यात बाहेर पडतात: "पाठ फुटते, झोप नाही, हजेरी गेली, आणि देवाने माझ्याच वाट्याला का दिलं?" यातल्या पहिल्या भागाला गोळी लागते. उरलेल्या तिन्ही भागांना गोळीचा उपयोग मर्यादित असतो, आणि ते पहिल्याला सतत चेतवत असतात.

हा प्रश्न अल्पसंख्य रुग्णांचा नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार कर्करोगाच्या उपचारादरम्यान सुमारे ५५ टक्के आणि रोग पसरलेल्या अवस्थेत सुमारे ६६ टक्के रुग्णांना वेदना असते. रोग बरा करण्याच्या उद्देशाने झालेले उपचार संपल्यावरही ३९ टक्क्यांच्या आसपास लोकांचे दुखणे मागे राहते.

३. वेदनेची भाषा आणि माप

दुरून उपचार करणाऱ्याला रुग्णाचा चेहरा दिसत नाही. त्याच्या हाती फक्त शब्द असतात. म्हणून शब्दांचे वर्गीकरण ही पहिली शास्त्रीय पायरी. मेल्झॅक यांनी १९७५ साली इंग्रजी वेदनाशब्दांची प्रश्नावली तयार केली. तिचे भाषांतर करत बसण्यापेक्षा मराठीने स्वतःचे कोठार उघडावे, कारण ते भरलेले आहे.

ठणका, ठसठस, रग हे शब्द बहुधा हाड, स्नायू किंवा गाठीच्या जागेकडे बोट दाखवतात. कळ, पेटका, मुरडा हे पोटातल्या पोकळ अवयवांचे. आग, मुंग्या, चमक, 'करंट मारतो' हे बहुधा मज्जातंतूंचे, आणि त्यांना वेगळ्या प्रकारची औषधे लागतात. 'अंग मोडून येते' यात ताप लपलेला असू शकतो. फोनवरच्या परिचारिकेने "दुखतंय का?" विचारले की उत्तर 'हो' येते आणि तिथेच संपते. "ठणकतंय, की आग होते, की कळ येते?" असे विचारले की निदानाला धागा मिळतो. जव्हार-मोखाड्याच्या वारली किंवा कोकणा बाईचे, सातपाटीच्या मांगेला बाईचे आणि बोईसरच्या चाळीतल्या भोजपुरी कामगाराचे शब्द पुन्हा वेगळे असतील. ते गोळा करणे हे गावच्या आशा सेविकेला सहज जमणारे आणि बाहेरच्या तज्ज्ञाला न जमणारे काम आहे.

मापाचेही तसेच. शून्य ते दहा हा आकडा पाळीवर काम केलेल्या तरुणाला चालतो. सत्तरीच्या आजीला तो परीक्षेतल्या गुणांसारखा वाटतो. पण तीच आजी आपणहून सांगते, "काल्लपेक्षा चार आणे बरं हाय." रुपया दशमान होऊन साठ वर्षे उलटली तरी बरे-वाईटाचा हिशेब आण्यांत चालतो. मग माप तेच घ्यावे: चार आणे म्हणजे जाणवते पण काम होते, आठ आणे म्हणजे काम अडते, बारा आणे म्हणजे झोप मोडते, सोळा आणे म्हणजे असह्य. त्यासोबत दोन प्रश्न विचारावेत: रात्री किती झोप झाली, आणि दुखण्यामुळे आज काय करायचे राहिले? दुखण्याची तीव्रता आणि दुखण्याने अडलेले आयुष्य ही दोन स्वतंत्र मापे आहेत. कौशल्यांचा परिणाम पुष्कळदा दुसऱ्या मापात आधी दिसतो.

४. कौशल्यांचे पाच वर्ग

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील फ्रान्सिस कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रशिक्षणाला पद्धतशीर रूप दिले. १९९० साली त्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर ते वापरले. पुढे ते कर्करोगाकडे आले. त्यातली कौशल्ये आपल्या भूमीवर मांडली तर पाच वर्ग होतात.

पहिला, शिथिलीकरण. एकेक स्नायू आवळून सोडण्याची एडमंड जेकबसन यांची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. आपल्याकडे शवासन परिचयाचे आहे, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी १९६९ सालीच उच्च रक्तदाबावर शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कर्करोगात इथे एक दक्षता हवी. रोग हाडांत पसरलेला असेल तर स्नायू जोराने आवळणे धोक्याचे. तिथे फक्त सैल सोडणे शिकवावे. फुफ्फुसाच्या रुग्णाला श्वास रोखायला सांगू नये. लांब, सावकाश उच्छ्वास पुरे.

दुसरा, काम आणि विसावा यांची पाळी. बरे वाटले की घरातले सगळे काम उरकायचे आणि मग दोन दिवस आडवे व्हायचे, हे चक्र बायकांमध्ये फार. यावर उपाय असा की दुखायला लागल्यावर थांबायचे नाही, घड्याळ पाहून त्याआधीच थांबायचे. वीस मिनिटे बोंबील वाळत घालायचे, दहा मिनिटे बसायचे. कारखान्यात पाळी कळलेल्या माणसाला ही भाषा लगेच समजते: शरीरालाही पाळी बदलून द्यावी लागते.

तिसरा, आवडीचे काम आणि मनातले चित्र. पाठ्यपुस्तके समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणायला सांगतात. पण ज्या घरचा माणूस बोट घेऊन गेला आहे तिथे समुद्र म्हणजे काळजी, आणि भाताची लावणी केलेल्या बाईला हिरवे शेत म्हणजे वाकलेली कंबर. चित्र रुग्णानेच निवडावे. कुणाला तारप्याचा आवाज, कुणाला रात्रीच्या भजनाची पहिली ओवी, कुणाला नातवाची अंघोळ.

चौथा, विचारांची उलटतपासणी. "आता काही खरं नाही" हा विचार वेदनेला चढवतो. त्याला "सगळं छान होईल" हे उत्तर खोटे ठरते आणि रुग्णाला ते कळते. "मागच्या मंगळवारी असंच झालं होतं, गोळी घेतली आणि तासाभराने उतरलं," हे उत्तर खरे असते. कर्माचे भोग, भगताने सांगितलेली बाधा यांवर फोनवरून वाद घालू नये. भगताकडे जाऊन आल्यावरही गोळी चुकली नाही ना, एवढे विचारावे.

पाचवा, अडचण सोडवणे. यात औषधांबद्दलचे शिक्षण येते आणि ते सर्वांत मोलाचे आहे. वेदनेची गोळी दुखल्यावर घ्यायची नसते, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. गोळी मनाने अचानक बंद करू नये. आणि मॉर्फिन चालू असताना ताडी-दारू घेऊ नये, कारण दोन्ही मिळून गुंगी आणि श्वासाची गती धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतात. ज्या भागात ताडी पाहुणचाराचा भाग आहे तिथे हे वाक्य कागदावर छापून भागत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे लागते.

५. पुरावा किती भक्कम?

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे २३३ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे घरचे लोक सहभागी होते. एका गटाला फोनवरून १४ सत्रांत ही कौशल्ये शिकवली. दुसऱ्याला तितक्याच फोनवर फक्त आजाराची माहिती दिली. सुधारणा दोन्ही गटांत झाली. पहिल्या टप्प्यातील रुग्णांना माहितीचा, तर दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांना कौशल्यांचा फायदा अधिक दिसला. यातून एक अर्थ असा निघू शकतो की ठरलेल्या वेळी येणारा, ऐकून घेणारा फोन हाच उपचाराचा एक भाग असावा. ड्यूकमधील टॅमारा सोमर्स आणि सहकाऱ्यांनी पुढे सत्रांची संख्या चारवर आणली, ती व्हिडिओवरून दिली, आणि २०१६ साली समोरासमोरच्या प्रशिक्षणाशी एका छोट्या चाचणीत तिची तुलना केली. मग हेच काम सोयींपासून दूर राहणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांकडे वळले.

या पुराव्यावरून एवढेच म्हणता येते की पद्धत करण्याजोगी आहे, रुग्णांना झेपते, आणि मध्यम प्रमाणात उपयोगी पडते. तो सगळा पुरावा अशा देशातला आहे जिथे वेदनेचे औषध बहुधा आधीच घरात असते. पालघरला ही अट आपोआप पूर्ण होत नाही.

६. अंतराचे चार प्रकार

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा. तालुके आठ. २०११ च्या जनगणनेत या भागाची लोकसंख्या सुमारे २९.९ लाख, त्यातले ३७ टक्क्यांच्या वर आदिवासी. आणि १२ लाखांवर माणसे एकट्या वसई-विरार शहरात. सरासरी काढली तर हा जिल्हा कुठलाच दिसत नाही. इथले अंतरही एकच एक नाही.

पहिले अंतर रस्त्याचे: जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. घाट उतरायचा, मग गाडी. दुसरे भाषेचे. तिसरे फोनच्या मालकीचे: घरात फोन एक, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात, आणि तो पाळीवर. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या दुखण्याबद्दल सासऱ्यासमोर स्पीकरवर कोण बोलेल?

चौथे अंतर आराखड्यांत सहसा धरले जात नाही, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. इथला रुग्ण एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर डोंगरी तालुक्यांतली कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. बोईसरच्या चाळीतला परप्रांतीय कामगार आजार वाढला की "मुलुखाला जातो" म्हणून गाडीत बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा, रुग्णालयातली फाइल या सगळ्या स्थिर गोष्टी. रुग्ण हलला की त्या मागे राहतात. त्याच्याबरोबर जातो तो फोन नंबर. दूरस्थ प्रशिक्षणाची खरी किंमत प्रवासाचे भाडे वाचण्यात जितकी आहे, त्याहून अधिक ती या सातत्यात आहे: भट्टीवर गेलेल्या बाईला तोच ओळखीचा आवाज त्याच वारी विचारतो, "आज किती आणे?"

साधन मात्र व्हिडिओ नसावे. साधा आवाज डोंगरात टिकतो, बटणांच्या फोनवर चालतो आणि वाचता येण्याची अट घालत नाही. मुंबईच्या 'अरमान' संस्थेने गरोदर बायकांसाठी 'एममित्र' ही आवाजी सेवा याच तर्काने उभी केली: बाईच्या भाषेत, तिने निवडलेल्या वेळी येणारा फोन. वेदनेच्या रुग्णासाठी तीच शिस्त हवी. फरक इतकाच की इथे पलीकडे जिवंत माणूस लागतो, ध्वनिमुद्रण सरावापुरते.

७. तारेवरून न जाणारी वस्तू

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशामकांची तीन पायऱ्यांची शिडी दिली. तिच्या वरच्या पायरीवर तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन आहे. भारत औषधी अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. तरी लॅन्सेट आयोगाच्या २०१७ च्या हिशेबात भारतातल्या अशा औषधांच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्केच गरज भागत होती. कारण मुख्यतः कायद्याचे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने आणि २०१५ च्या नियमांनी ते एकत्र आणले आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवण्याची वाट मोकळी केली.

दुसरी बाजू अशी की २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अमली पदार्थ कायद्यातली औषधे दूरसल्ल्यावर लिहून देण्यास मनाई केली. म्हणजे ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टर भेटेल, पण मॉर्फिनची चिठ्ठी तिथून निघणार नाही. कौशल्य माणसाबरोबर हिंडू शकते. मॉर्फिनला जागा, कपाट, नोंदवही आणि सही लागते. त्यामुळे दोन साखळ्या वेगळ्या आखाव्या लागतात. फोनची साखळी रुग्णाच्या मागे जाणारी, औषधाची साखळी जव्हारचे कुटीर रुग्णालय, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, पालघर-बोईसर अशा ठरलेल्या जागी रुजलेली. रुग्ण हलला की जवळची औषधाची जागा कोणती, हे त्याला सांगणे हे फोनवाल्याचे काम.

८. एक गंभीर आक्षेप

पूर्वपक्ष असा: "श्रीमंताला मॉर्फिन आणि गरिबाला श्वासाचे व्यायाम. तुम्ही लोकांना सोसायला शिकवता." हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. इथल्या बाईला सोसण्याचे शिक्षण लहानपणापासून मिळालेलेच आहे. तिला आणखी त्याची गरज नाही. औषध न देता कौशल्य शिकवणारा कार्यक्रम वेदना झाकतो, आणि आकड्यांतही ती झाकली जाते.

उत्तर क्रमाच्या नियमात आहे. प्रत्येक फोनचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असावेत: गोळी घरात आहे का? वेळेवर घेतली का? पुरते का? यातले एकही उत्तर 'नाही' आले तर त्या दिवशी कौशल्याचा धडा नाही. तो फोन औषध मिळवण्यासाठी खर्च करायचा. सोसणारा माणूस दुखणे सांगत नाही. कौशल्य शिकलेला माणूस ते आण्यांत सांगतो, म्हणजे मागणीही करू शकतो. सोसणे आणि तोंड देणे यांच्यातला फरक या सांगण्यात आहे.

याला जोडून दुसरा नियम. पाठीत नवीन तीव्र दुखणे आणि पायांतली ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, केमोथेरपी चालू असताना ताप, न थांबणारा रक्तस्राव, अचानक वाढलेली धाप, उठवूनही न मोडणारी गुंगी: यांपैकी काहीही असेल तर कसलाही व्यायाम नाही, थेट रुग्णालय. पाठीच्या कण्यावर दाब आलेला असेल तर काही तासांच्या विलंबानेही पाय कायमचे जाऊ शकतात.

९. कार्यक्रमाची रचना

वरील विवेचनातून जी रचना निघते ती साधी आहे. पहिली भेट प्रत्यक्ष: परळला किंवा जिल्ह्यातल्या रुग्णालयात, औषध सुरू करताना. टाटा रुग्णालयात वेदना-उपशमनाचा स्वतंत्र विभाग १९९६ पासून आहे. प्रशिक्षण देणाऱ्या परिचारिका-समुपदेशकांना तिथून दिशा मिळू शकते. या भेटीत फोन कुणाचा, कोणत्या वारी, किती वाजता, कोण जवळ असताना बोलायचे नाही, आणि आपण कधी गावाबाहेर जाता, हे पाच प्रश्न लिहून घ्यावेत.

पुढे चार आठवडे, आठवड्याला एक फोन, वीस-पंचवीस मिनिटांचा. पहिल्यात वेदनेचे नाव, आणे आणि शिथिलीकरण. दुसऱ्यात काम-विसाव्याची पाळी. तिसऱ्यात आवडीचे काम आणि मनातले चित्र. चौथ्यात विचारांची उलटतपासणी आणि कळ उठली तर काय करायचे याचा क्रम. अडचण सोडवणे प्रत्येक फोनमध्ये. रोज दोनदा दहा-दहा मिनिटे सराव. घरातला एक माणूस, सून असो, मुलगी असो की नवरा, बरोबर शिकतो, कारण रात्री दोन वाजता फोन नसतो, तो असतो. चार फोन झाल्यावर महिन्याला एक.

आशा सेविका यात दूत नसते, दुभाषी असते. आवाजात न आलेले तिला दिसते: रिकामी गोळ्यांची पट्टी, न उचललेले ताट, अंथरुणाची दिशा. तिच्यावर आधीच लसीकरण, गरोदर मातांची नोंद, सर्वेक्षणे लादलेली आहेत. या कामाचा वेगळा मोबदला ठरला नाही तर ते कागदावर होईल. केरळात १९९३ साली कालिकतला सुरू झालेल्या वेदना-उपशमनाच्या चळवळीने गल्लीतल्या स्वयंसेवकांना हाताशी धरले. पालघरच्या किनाऱ्यावर मच्छीमार सोसायट्या, डोंगरात बचत गट, बोईसरमध्ये कामगार संघटना आणि परप्रांतीयांची मंडळे आहेत. माणसे आधीच जिथे एकत्र येतात तिथून हे काम उचलले जाईल.

१०. निष्कर्ष

एक: कर्करोगाच्या वेदनेचा जो भाग मेंदूच्या दाराशी ठरतो, त्यावर शिकवता येण्याजोगी कौशल्ये आहेत आणि ती साध्या आवाजावरून जातात. दोन: त्यांचा उपयोग मध्यम आहे; औषध असेल तरच ती कौशल्ये राहतात, नसेल तर सोसण्याचे नवे नाव होतात. तीन: पालघरसारख्या जिल्ह्यात फोनचे खरे बळ हलत्या रुग्णाच्या मागे जाण्यात आहे, आणि मॉर्फिनचे बळ एका जागी खात्रीने मिळण्यात, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. चार: माप आणि शब्द स्थानिक हवेत.

कार्यक्रम चालला की नाही हे किती फोन झाले यावरून ठरवू नये. दोन मापे पुरेत. चार आठवड्यांनी किती जणांची झोप वाढली, आणि "गोळी घरात आहे का?" या पहिल्या प्रश्नाला किती जणांनी 'हो' म्हटले. दुसरा आकडा कमी असेल, तर पहिल्याबद्दल बोलण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही.